बडोद्याहून बोधगया : एका बसची आखणी

येत्या फेब्रुवारीत आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींची ३६ जणांची बस काशी, सारनाथ, बोधगया, राजगीर, पाटणा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी आणि श्रावस्ती अशी फिरणार आहे. आखणीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि इथली निम्मी मंडळी मला अजून 'बाई' म्हणूनच हाक मारतात. तिकिटं आणि हॉटेलं दोन संध्याकाळींत ठरली. कुठली जागा आधी, कुठली नंतर आणि पत्रकावर काय छापायचं, यात मात्र तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत आपल्या बडोदेकरांचाच इतिहास उलगडत गेला, म्हणून लिहून ठेवते.

आधी क्रमाचं बघू. बहुतेक सहलवाले बुद्धाच्या आयुष्याच्या क्रमाने जागा मांडतात: जन्म लुंबिनी, ज्ञानप्राप्ती बोधगया, पहिला उपदेश सारनाथ, महापरिनिर्वाण कुशीनगर. कागदावर हे छान दिसतं. नकाशावर मात्र बस नेपाळातून गंगेच्या दक्षिणेला, तिथून पश्चिमेला काशीकडे आणि पुन्हा उत्तरेला अशी हेलपाटे घालत राहते. आमच्या यादीत सत्तरी ओलांडलेली अकरा माणसं आहेत, त्यांना हे झेपणार नाही.

या चार जागांची यादी सहलवाल्यांनी केलेली नाही. महापरिनिब्बान सुत्तात खुद्द बुद्धाच्या तोंडी ती आहे. श्रद्धावानांनी या चार ठिकाणी जावं, असं ते आनंदाला सांगतात. त्याच सुत्तात ऐंशी वर्षांच्या बुद्धाचा शेवटचा प्रवासही आहे. राजगीरच्या गृध्रकूटावरून निघाले, नालंदेला थांबले, पाटलीगावी गंगा ओलांडली, वैशालीला आम्रपालीचं जेवण घेतलं, शेवटचा पावसाळा वैशालीजवळच काढला आणि मग कुशीनाऱ्याला पोचले. आता नकाशा उघडा. राजगीर, नालंदा, पाटणा, वैशाली, कुशीनगर. बसला सगळ्यात सोयीचा रस्ता तोच आहे! म्हणून मी बोधगयेच्या पुढचा सगळा मार्ग त्या शेवटच्या प्रवासाच्या क्रमाने लावला. ते चालत गेले होते, आम्ही बसून जाणार, एवढाच फरक.

मग शब्दावर गाडी अडली. पत्रकावर 'सहल' लिहायचं की 'यात्रा'? एका काकांचं म्हणणं, काशी-गया असेल तर ती यात्राच. तरुण मंडळी म्हणाली, यात्रा म्हटलं की आमचे मित्र येणार नाहीत. हा वाद सव्वादोन हजार वर्षं जुना आहे आणि त्याचा निकाल आपल्या गुजरातेतच, जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवर कोरलेला आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचं, तेही लिहिलंय: ब्राह्मण आणि श्रमण दोघांनाही भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांना भेटायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं. ब्राह्मण आणि श्रमण, दोघंही. हे वाक्य पुढे आम्हाला फार उपयोगी पडलं.

आता बडोद्याचं. सहलीचा पहिला दिवस मी बडोद्यातच धरला, तेव्हा बरेच जण हसले. "बाई, घरातलं काय बघायचं? शेव-उसळ खायला नेताय का?" म्हणून ही माहिती सगळ्यांना लिहून पाठवली.

मराठीतून बुद्ध वाचला जाऊ लागला त्यात बडोद्याचा वाटा मोठा आहे. कृ. अ. केळुसकरांनी १८९८च्या सुमारास गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं. ते सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलं होतं, अशी नोंद डॉ. आंबेडकरांनीच करून ठेवली आहे. शाळकरी वयात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी हेच पुस्तक त्यांना भेट दिलं. बुद्धाशी त्यांची ओळख झाली ती तिथे.

दुसरे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६चा. १८९९ साली घर सोडलं, पुणं केलं, ग्वाल्हेर केलं, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले. कलकत्त्यात चांगल्या पगाराची नोकरी होती. ती सोडून त्यांनी सयाजीरावांचे दरमहा पन्नास रुपये पत्करले; अट एवढीच, की मराठी मुलखात राहायचं आणि मराठीत लिहायचं. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे त्यांचं पुस्तक म्हणजे बडोद्यात दिलेली व्याख्यानं. ज्या रस्त्याने आमची बस जाणार आहे, त्यातला बराचसा या माणसाने जवळ पैसे नसताना तुडवला होता.

तिसरं, आपल्या विद्यापीठाचं. तेव्हाच्या साबरकांठ्यात शामळाजीजवळ देवनी मोरी इथे १९६० ते १९६३ या काळात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने स्तूप खणला. त्यात दगडी करंडक सापडला; आत दशबलाचे, म्हणजे बुद्धाचे शरीरधातू असल्याचं त्याच्यावर कोरलेलं आहे. खोदकामाची जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे, करंडक मात्र बडोद्यात आहे. बोधगयेला निघालेल्या बडोदेकराला हे माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

आणि चौथी जागा सयाजीबागेतली, आपली जुनी कमाटीबाग. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून डॉ. आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले. त्यांना राहायला जागा कुणी देईना. एका पारशी सराईत खोटं नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही कारणं सांगितली. मग ते कमाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून लोक येतात.

इथे बैठक तापली. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "आपल्या गावाची ही गोष्ट सहलीच्या पहिल्याच दिवशी कशाला? महाराजांनी एवढं केलं, ते सांगा." त्यांचं मन मला कळतं. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथली आमची घराणी गायकवाडांबरोबर आली: शिलेदार, कारकून, शास्त्री, मास्तर. महाराजांचं नाव आमच्याकडे देवासारखं घेतात. पण प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीत आणि गिरण्यांच्या चाळींत खानदेश-विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही तितकीच बडोदेकर आहेत आणि त्यांतली बरीच बौद्ध आहेत. त्यांच्या घरात बडोद्याची पहिली गोष्ट कमाटीबागेचीच सांगतात. गणपतीत आणि शिवजयंतीला आपण भेटतो; १४ एप्रिलची मिरवणूक मात्र आमच्यातल्या बहुतेकांनी गॅलरीतूनच बघितली आहे. एकाच गावात, एकाच भाषेत दोन गोष्टी चालत आल्या. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली हेही खरं आणि त्यांच्या गावाने खोली दिली नाही हेही खरं. मी दोन्ही एकाच सकाळी सांगणार, असं ठरवलं. ज्येष्ठ गप्प झाले, पण यादीतून नाव काढलं नाही.

काशीचं कुणाला पटवावं लागलं नाही. बडोद्याहून थेट गाडी आहे. तिची तारीख जमली नाही, तर सुरतेला जाऊन ताप्ती-गंगा पकडायची. काशीचा घाट म्हणजे मराठी माणसाची वंशावळच: बायजाबाई शिंद्यांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अहिल्या घाट. विश्वनाथाचं देऊळ १७८०च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारलं. तिथून दहा किलोमीटरवर सारनाथ. १७९४ साली काशीत बाजार बांधायला विटा हव्या होत्या, म्हणून तिथला एक मोठा स्तूप उकलला गेला. आत निघालेल्या अस्थी गंगेत सोडल्या. सापडलेलं काय आहे, हे ओळखणारं तेव्हा गावात कुणी राहिलं नव्हतं. पुढे कनिंगहॅमने चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाचं प्रवासवर्णन हातात धरून एकेक जागा ओळखली. आज आपण ज्या रस्त्याने फिरतो, त्याचा वाटाड्या सातव्या शतकातला एक भिक्षू आहे. तो आपल्या भरूचला आणि वलभीलाही येऊन गेला होता. चार सिंहांचं शीर्ष १९०५ साली सारनाथला सापडलं. ते तिथल्याच संग्रहालयात आहे आणि संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून आमची तारीख शुक्रवार टाळून धरली आहे.

आता गया. इथे खरं घोडं अडलं.

गया आणि बोधगया यांच्यात जेमतेम बारा-तेरा किलोमीटरचं अंतर. पहिल्या पत्रकात कुणीतरी सवयीने छापलं होतं: 'सकाळी गया, विष्णुपद दर्शन व पिंडदान. दुपारी बोधगया.' दुसऱ्या दिवशी प्रतापनगरच्या एक ताई घरी आल्या. त्यांचे वडील भुसावळहून रेल्वेत बदली होऊन इथे आले होते. पत्रक माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बाई, बस गयेला थांबायला आमची ना नाही. पण पिंडदान लिहिलेल्या कागदावर माझ्या घरच्यांची नावं नकोत. आम्ही शपथ घेतलेली माणसं आहोत."

त्यांचं म्हणणं नेमकं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही ही एक आहे. ताईंच्या सासूबाई त्या दिवशी तिथे होत्या. त्यांच्यासाठी ही घरातली बाब आहे.

दुसऱ्या बाजूला ते यात्रावाले काका. करोनात त्यांचे वडील गेले, तेव्हा धड निरोपही देता आला नाही. गयेला जाऊन त्यांच्या नावाने पिंड द्यायचा, एवढ्यासाठीच ते या बसमध्ये बसणार आहेत. त्यांना मी काय सांगणार, की ते काढून टाकते? विष्णुपदाचं आजचं देऊळ १७८७ साली अहिल्याबाईंनीच बांधवलं. गयावळांच्या वह्यांत मराठी घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. काकांना आपल्या पणजोबांची सही बघायची आहे.

बोधगयेचाही प्रश्न साधा नाही. अनागरिक धर्मपाल १८९१ साली तिथे आले आणि विहार बौद्धांच्या हाती यावा म्हणून त्यांनी जन्मभर लढा दिला. १९४९च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत हिंदू आणि बौद्ध दोघांनाही जागा मिळाल्या. संपूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे यावं ही मागणी आजही चालू आहे. १९९२पासून नागपूरच्या भन्ते सुरई ससाईंनी त्यासाठी आंदोलनं केली. आमच्या बसमधल्या काहींसाठी महाबोधी विहार हे पाहण्याचं ठिकाण आहे, काहींसाठी ते आपलं असून पूर्ण आपलं नसलेलं घर आहे. हे माहीत नसताना कुणी तिथे हलकंफुलकं बोललं, तर अख्ख्या सहलीची चव जाईल.

तीन बैठका झाल्या. दोन बसेस करा, असंही कुणी सुचवलं. ते सोपं होतं. तसं केलं असतं, तर आपण जसे राहतो तसेच फिरलो असतो. शेवटी गिरनारची ती ओळ मी वाचून दाखवली. ब्राह्मण आणि श्रमण दोघांनाही भेटणारा अशोक सगळ्यांना ऐकावा लागला. मग ठरलं ते असं. मुक्काम बोधगयेत. पहाटे ज्यांना गयेला जायचंय त्यांनी लहान गाडीने जायचं, तिथला खर्च ज्याचा त्याने करायचा, सहलीच्या वर्गणीतून नाही. बाकीचे सकाळी महाविहारात आणि बोधिवृक्षापाशी बसतील. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र. संध्याकाळी महाविहारात पुन्हा सगळे. नव्या पत्रकावर त्या दिवशीच्या रकान्यात एवढंच छापलं: 'बोधगया, मुक्काम. सकाळ ज्याची त्याने ठरवावी.'

सगळ्यांना पटलं असं नाही. एका घराने नावं काढून घेतली. त्यांना गया संपूर्ण कार्यक्रमात हवी होती. दुसऱ्या बाजूच्या एका तरुणाने काढलं. त्याला गयेची गाडीसुद्धा नको होती. दोघांचे पैसे परत केले. ताई आणि काका दोघंही येताहेत.

पुढचा रस्ता तुलनेने शांत आहे. राजगीरला गृध्रकूट, वेणुवन. नालंदा, इत्सिंगने विद्येची केंद्रं म्हणून नालंदेच्या बरोबरीने आपल्या वलभीचं नाव घेतलंय, हे मुलांना तिथेच सांगायचंय. पाटण्यात कुम्हरार, म्हणजे मौर्यांचं पाटलीपुत्र. तिथलं ऐंशी खांबांचं सभागृह १९१३च्या सुमारास स्पूनरने खणलं; पैसे सर रतन टाटांचे, म्हणजे बडोदे संस्थानातल्या नवसारीच्या घराण्याचे. १९५१ ते १९५५ या काळात तिथे पुन्हा खोदकाम झालं, ते अनंत सदाशिव आळतेकरांच्या देखरेखीखाली. आळतेकर कोल्हापूरकडचे. पुढे वैशालीला १९५७-५८ साली ज्या मातीच्या जुन्या स्तूपात अस्थिधातूंचा करंडक मिळाला, ते खोदकामही त्यांचंच. वैशालीचा एकसिंही अशोकस्तंभ बघताना आपल्या भाषेतला हा माणूस आठवायला हवा.

कुशीनगरला पहुडलेल्या बुद्धाची सहा मीटरची मूर्ती आहे. तिथे बोलायचं काम ताईंकडे दिलंय. कारण नागपूरला डॉ. आंबेडकरांना दीक्षा देणारे भन्ते चंद्रमणी इथलेच. ब्रह्मदेशातून येऊन त्यांनी उभं आयुष्य कुशीनगरात काढलं. दीक्षेनंतर महिन्याभराने आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतीच्या वाटेवर सारनाथ आणि कुशीनगर करून दिल्लीला पोचले. ६ डिसेंबरला ते गेले. ताई म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना हे ठिकाण बघायचं होतं. त्यांच्या वाटचं मी बोलेन." काशीच्या घाटांवर अहिल्याबाईंविषयी काका बोलणार आहेत. दोघांनाही पंधरा-पंधरा मिनिटं. शिक्षिकेची सवय, घड्याळ माझ्याकडे!

लुंबिनीसाठी सोनौलीला सीमा ओलांडायची. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवाच; बसच्या नेपाळी कागदपत्रांना तास-दोन तास धरून ठेवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. तिथला अशोकस्तंभ १८९६ साली पुन्हा उजेडात आला. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी आपण स्वतः आलो आणि बुद्धाच्या जन्मगावाचा कर कमी केला, असं त्यावर लिहिलंय. मग श्रावस्तीचं जेतवन, तिथून लखनऊ आणि परतीची गाडी.

महिना फेब्रुवारीच का, असं विचारतात. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात धुकं एवढं असतं की गाड्या तासन्‌तास रखडतात, भाद्रपदात पितृपक्षाची गयेला तुफान गर्दी आणि एप्रिलनंतर ऊन. थेपले आणि लीलो चेवडो प्रत्येकाने चार दिवसांचा आणावा, पुढचं बघू.

तीन जागा रिकाम्या आहेत. यायचं असेल तर आधी पत्रक नीट वाचा आणि मग फोन करा.

आणि एक मागणं. बसमध्ये वाचायला मी एक वही तयार करतेय. कुणाच्या घरी आजी-आजोबांच्या काशी-गयेच्या प्रवासाच्या चिठ्ठ्या, हिशेब, फोटो असतील, किंवा १९५६ साली बडोद्याहून नागपूरला कोण गेलं, कुठल्या गाडीने गेलं, बरोबर काय शिदोरी होती, हे कुणी सांगितलेलं आठवत असेल, तर मला लिहून पाठवा. पहिल्या प्रकारची सात पत्रं आलीत. दुसऱ्या प्रकारचं आतापर्यंत एकच आलंय, ते ताईंच्या सासूबाईंचं. त्या पिढीतली माणसं आता फार थोडी उरली आहेत. घरात कुणी असेल, तर या आठवड्यातच त्यांच्यापाशी बसा आणि विचारून घ्या.